नेपियर पुलापासून तीस किलोमीटर

आज पहाटे साडेचारला चेन्नईतील नेपियर पुलावरून धावायला सुरुवात केली. पुलाजवळचा श्रमिकांचा पुतळा, म्हणजे १९५९ साली उभारलेले देबीप्रसाद रायचौधुरी यांचे शिल्प, अंधारात नीट दिसला नाही. परतताना मात्र प्रचंड शिळा रेटणारी ती चार माणसे पाहून मला प्रथमच त्यांच्या पोटऱ्यांची कणव आली.

मरीनावरून दीपगृह, तेथून सांतोम चर्चवरून पुढे अड्यार नदी ओलांडून बेझंटनगर, असा जाण्याचा मार्ग होता. मुंबईत समुद्रात बुडणारा सूर्य पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला तो समुद्रातून वर येताना पाहणे अजूनही उलटेच वाटते. एलियट्स किनाऱ्यावर, १९३० साली बुडून मृत्यू पावलेल्या कार्ल श्मिट या डॅनिश माणसाच्या पांढऱ्या स्मारकाजवळ मी वळले, आणि खरी परीक्षा तेथूनच सुरू झाली.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके वाढत जातात, हे ठाऊक असूनही पहिले दहा किलोमीटर मी हावरटासारखी धावले होते. चोविसाव्या किलोमीटरला घाम निथळून बूट इतके भिजले की प्रत्येक पावलाला पचपच आवाज येऊ लागला. शेवटचे सहा किलोमीटर मी बरेचसे चाललेच. शहाळेवाल्या आजींनी काही न विचारता दुसरे शहाळे सोलून हातात ठेवले. पैसे मात्र दोन्हींचे घेतले.