दातांना काम नसलेला घास

सी अर्चिन, म्हणजे समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा प्राणी, पहिल्यांदा खाणाऱ्याची खरी पंचाईत चवीची नसते, चेहऱ्याची असते. टेबलावरचे बाकीचे सगळे आपापलं खाणं थांबवून त्याच्याकडे बघत असतात. ज्यांनी आधी खाल्लंय ते तर जरा जास्तच. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न घास तोंडात जायच्या आतच विचारून झालेला असतो आणि मग माणूस चव घ्यायची सोडून चेहरा सांभाळत बसतो.

मीही ते एका जपानी रेस्टॉरंटमध्ये अशाच पहाऱ्यात खाल्लं. भाताचा छोटासा मुटका, त्याच्याभोवती नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, काळ्या पट्टीचं कुंपण आणि त्या कुंपणात जिभेच्या आकाराच्या, किंचित खरबरीत, पिवळसर नारिंगी फाका. भाताला असं कुंपण घालायची पद्धत १९४१ साली टोकियोच्या गिंझा भागातल्या एका सुशीच्या दुकानात सुरू झाली, असं सांगतात. ओघळणारी, घसरणारी गोष्ट भातावर टिकावी एवढाच तिचा हेतू. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ज्या पदार्थाला कुंपण घालावं लागतं तो तोंडात गेल्यावर काय करणार!

दात नोरीवर पडले, भातावर पडले. अर्चिन मात्र मधल्या मध्ये निसटलं. त्यात चावण्यासारखं काही नव्हतंच. अनोळखी पदार्थाला आपण होकार-नकार देतो तो चावता चावता, हे मला तोवर जाणवलं नव्हतं. चावणं म्हणजे विचार करायला मिळालेली सवड. इथे ती सवडच मिळत नाही. पसंत की नापसंत हे ठरायच्या आत घास विरघळून गेलेला असतो आणि निकाल द्यायला नुसती चव मागे उरते. माझ्या वाट्याला आलेली चव कडवट होती, लोखंडी होती, औषधाच्या बाटलीची आठवण करून देणारी होती. मी ‘वेगळं आहे’ म्हटलं. खाण्याच्या टेबलावर या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो.

पुढे दुसऱ्या ठिकाणी, आग्रहाला बळी पडून, पुन्हा खाल्लं. तेच नाव, तोच मुटका, तेच कुंपण, आणि चव अशी की हा तोच प्राणी यावर विश्वास बसेना. आधी गोडसर, मग समुद्राचा खारटपणा, आणि गिळून झाल्यावरही जिभेच्या मागच्या बाजूला कितीतरी वेळ रेंगाळणारं काहीतरी भरीव. मधल्या काळात माझी जीभ काही बदलली नव्हती.

खलनायक निघाली तुरटी. अर्चिनच्या कवचातून काढलेल्या या फाका फार नाजूक असतात. थोडा वेळ गेला की त्यांचा आकार ढळतो, पाणी सुटतं, शेवटी लगदा होतो. म्हणून त्यांना तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटीने त्या घट्ट राहतात, लाकडी तबकात ओळीने मांडता येतात, लांबचा प्रवास करू शकतात. पण तुरटी घालताना हात सैल पडला, किंवा तबकाने जास्त दिवस काढले, की तीच ती कडवट, धातूसारखी चव. जपानमध्ये तुरटीशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवलेलं अर्चिनही विकतात. ते दिसायला विस्कटलेलं असतं आणि टिकतही कमी, पण चव त्याची स्वतःची असते. ‘एकदा खाल्लं, नको रे बाबा’ म्हणणारे कितीतरी जण अर्चिनला नव्हे, तुरटीला नावं ठेवत असणार, अशी माझी खात्री आहे.

दुसरी अडचण, हे आहे तरी काय ही. वेटर सहसा ‘अंडी’ म्हणून सुटका करून घेतो. खरं तर त्या जननग्रंथी असतात, आणि नर-मादी दोघांच्याही खाल्ल्या जातात. ताटात आलेली फाक कोणाची हे नुसतं बघून सांगणं अवघडच. प्रत्येक अर्चिनमध्ये त्या पाच. तारामाशाचाच हा काटेरी भाऊबंद, शाळेच्या पुस्तकातल्या ‘कंटकचर्मी’ संघातला, आणि या घराण्यात सगळा हिशेब पाचाचा. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात आणि ते दात हलवणारा एक विलक्षण सांगाडा. त्याचं वर्णन अ‍ॅरिस्टॉटलने करून ठेवलं, म्हणून त्या अवयवाला आजही ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. या दातांनी अर्चिन जन्मभर खडकावरचं शेवाळ आणि समुद्री वनस्पती खरवडत, कुरतडत राहतं. एवढं चावून चावून ते जे साठवतं, त्याला आपल्याला दातही लावावा लागत नाही.

साठवतं हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. या ग्रंथी पिल्लांच्या तयारीबरोबर अन्नाचं कोठार म्हणूनही काम करतात. म्हणूनच अर्चिन काय खातं त्यावर आपल्याला काय लागतं ते ठरतं. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या अर्चिनचं कौतुक होतं त्याचं बरंचसं श्रेय तिथल्या कोम्बूला, म्हणजे ज्या समुद्री वनस्पतीपासून जपानी लोक सूपाचं पाणी काढतात तिलाच. गोडवा ग्लायसिन आणि अलानिन या अमिनो आम्लांचा, भरीवपणा ग्लुटामिक आम्लाचा, आणि ‘हे अर्चिनच’ असं ओळखू येतं ते मेथिओनिनमुळे. वेळही सांभाळावी लागते. प्रजननाच्या आधी फाका भरदार असतात. तो काळ आला की त्या सैल पडून दुधाळ पाणी सोडू लागतात आणि चव बिघडते.

याच ग्रंथींनी जीवशास्त्राचंही घर चालवलंय. १८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एकत्र येताना पाहिलं. पेशींच्या विभाजनाचा ताल सांभाळणारी सायक्लिन ही प्रथिनं टिम हंट यांना १९८२ मध्ये अर्चिनच्याच अंड्यांत सापडली आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा ठरला. (ही माहिती समोरच्याच्या तोंडात घास असताना देऊ नये.)

इटालियन रेस्टॉरंटमध्ये हेच स्पॅगेटीत घालून देतात. चांगला आचारी ते शिजवत नाही. आच बंद केल्यावर गरम स्पॅगेटीत नुसतं कालवतो. मग तो गुळगुळीतपणा सॉस होऊन जातो आणि दातांना स्पॅगेटीचं काम मिळतं. मला ही पळवाट वाटते, पण बिचकणाऱ्यासाठी फार सोयीची पळवाट. दुसऱ्या टोकाला जिवंत अर्चिन. कात्रीने तोंडाभोवती गोल कापायचं, आतलं पाणी ओतायचं, काळपट आतडी काढायची आणि खाऱ्या पाण्यानेच विसळायचं, कारण गोड्या पाण्यात फाका विरघळायला लागतात. हे सगळं चालू असताना बाहेरचे काटे सावकाश हलत असतात. कित्येकांची भूक तिथेच संपते, आणि त्यांना मी हसत नाही. मात्र चव सगळ्यात स्वच्छ लागते ती याचीच.

‘अर्चिन खा आणि समुद्र वाचवा’ असंही हल्ली ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर २०१३ पासून तारामाशांमध्ये रोग पसरला, अर्चिन खाणारे मोठे सूर्यफूल-तारामासे जवळपास नाहीसे झाले, त्यात पाणी तापलं, आणि जांभळ्या अर्चिननी केल्पची, म्हणजे उंच समुद्री वनस्पतींची, जंगलं फस्त केली. नव्वद टक्क्यांहून अधिक गेली. पण खायला उरलं नाही म्हणून हे अर्चिन मरतही नाहीत. पोकळ होऊन वर्षानुवर्षं तग धरतात. फोडलं तर आत खाण्यासारखं काही नसतं. त्यांना गोळा करून, टाक्यांत काही आठवडे समुद्री वनस्पती खाऊ घालून भरदार करायचे प्रयोग चालू आहेत. उलट इटलीतल्या पुल्या प्रांताने २०२३ मध्ये अर्चिन पकडण्यावर तीन वर्षांची बंदी घातली, कारण खाणाऱ्यांनी ते संपवत आणलं होतं.

म्हणून मागवण्याआधी मी दोन गोष्टी विचारते: कुठून आलंय, आणि तबकातलं आहे की खाऱ्या पाण्यातलं. ‘आत विचारून येतो’ म्हणाला तर त्या वेटरवर भरवसा ठेवायचा. लगेच ‘एकदम ताजं आहे’ म्हणाला, तर सरळ दुसरं काहीतरी मागवायचं.