विनिपेगच्या हिवाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी: माझा अनुभव

कॅनडातल्या विनिपेगमध्ये नव्याने आलेल्या माणसाला गाड्यांच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची पिन दिसली की या सगळ्या विजेवर चालणाऱ्या गाड्या असाव्यात असे वाटते. पहिल्या आठवड्यात मलाही तसेच वाटले होते. ती पिन ब्लॉक हीटरची असते. इंजिनात बसवलेला हा छोटा हीटर रात्री काही तास चालू ठेवला, तर उणे ३० अंशांच्या सकाळीही इंजिन फिरते. त्यासाठी आमच्या इमारतीच्या उघड्या वाहनतळावर प्रत्येक जागेसमोर खांबाला एक सॉकेट बसवलेले आहे. पुढे जे घडले त्यात या सॉकेटचा वाटा मोठा असल्यामुळे त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक रोजच्या वापराची, जी हिवाळाभर चालू असते. आणि दुसरी माझ्या हौसेची, २००८ सालची, छत उघडणारी, दोनच माणसे बसतील अशी माझदा मियाटा. मागच्या चाकांवर चालणारी इतकी हलकी गाडी बर्फात काढण्यात शहाणपण नाही, शिवाय रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा खालून गंजत जातो. म्हणून ऑक्टोबरअखेर ती झाकून उभी करायची आणि एप्रिलमध्येच बाहेर काढायची असे मी ठरवले. टायर, पेट्रोल, उंदीर यांचा बंदोबस्त करणे तसे सोपे होते. खरा प्रश्न बॅटरीचा होता, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघेही दोन महिन्यांसाठी सांगलीला जाणार होतो.

फोनवर हा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे, थंडीत बॅटरी उतरत नाही, उन्हाळ्यात उतरते." त्यांनी तीस वर्षे ट्रॅक्टर सांभाळला आहे आणि त्यांच्या बॅटऱ्या नेहमी मे महिन्यातच गेल्या आहेत. मी त्यांना समजावू लागलो की इथली थंडी वेगळी असते. आता मागे वळून पाहताना मान्य करावे लागते की रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर होते. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो जवळजवळ थांबतो. माझी चूक थंडीला शत्रू समजण्यात झाली. शत्रू गाडीच्या आत बसला होता, पण ते कळायला एक बॅटरी गमवावी लागली.

त्या वर्षी मी दीड अँपिअरचा एक चार्जर आणला. असे चार्जर बॅटरी भरत आली की स्वतःहून हात आखडता घेतात: आधी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढवून बॅटरी भरतात आणि मग १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास नुसती राखतात. अण्णांकडचा जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर असा नव्हता. तो रात्रभर विसरला तर सकाळी बॅटरी उकळत असे आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरावे लागे. नवा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो असे त्याच्या खोक्यावर लिहिले होते आणि ते खोटेही नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उणे २२ अंशांत, बोटे बधिर होत असताना मी त्याचे चिमटे टर्मिनलना लावले, वायर खांबावरच्या सॉकेटात घातली, आणि काही तासांनी हिरवा दिवा लागलेला पाहून समाधानाने वर आलो. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी पुन्हा पाहिले, तेव्हाही दिवा हिरवाच होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो तेव्हा किल्लीचे बटण दाबूनही गाडी उघडली नाही. किल्ली कुलुपात घालून दार उघडले, आत एकही दिवा लागला नाही. बॉनेट वर केले तर बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या आणि चार्जरवर हिरवा, लाल कोणताच दिवा नव्हता, फक्त सुरू करण्याच्या बटणाभोवती एक मंद नारिंगी ठिपका होता. मीटरवर चार व्होल्टही दिसले नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी अगत्याने जम्पर केबल आणून दिल्या, परंतु फुगलेली बॅटरी पाहून मी त्यांना नको म्हटले. गोठलेल्या बॅटरीत जोराने वीज सोडली तर तिचा स्फोट होऊ शकतो, आणि बाहेर पडते ते गंधकाम्ल.

बॅटरी गोठते कशी, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाची घनता पाण्याच्या तुलनेत साधारण १.२६५ असते आणि असे आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. विनिपेगची सर्वांत वाईट रात्रही तिचे काही बिघडवू शकत नाही. बॅटरी उतरत जाते तसतसे आम्लातील सल्फेट शिशाच्या पत्र्यांवर जाऊन बसते आणि मागे पाणी उरते. निम्मी उतरलेली बॅटरी उणे २५ अंशांच्या आसपास धोक्यात येते, आणि पूर्ण उतरलेली तर उणे दहाच्या आधीच गोठते, म्हणजे इथल्या नोव्हेंबरमधल्या साध्या रात्रीसुद्धा. पत्र्यांवर साचलेले सल्फेट फार दिवस तसेच राहिले तर त्याचे खडे कठीण होतात आणि नंतर चार्ज करूनही विरघळत नाहीत. माझी बॅटरी गोठली नसती तरी काही आठवडे रिकामी राहिल्याने ती अर्धमेली झालीच असती.

आता सॉकेट. इमारतीच्या देखरेखीसाठी असलेल्या माणसाला विचारल्यावर कळले की त्या खांबांना सतत वीज नसते. विजेची बचत व्हावी म्हणून एक नियंत्रक बाहेरचे तापमान पाहून ती सोडतो: कडाक्याची थंडी असेल तर सलग, थोडी कमी असेल तर काही वेळ चालू आणि काही वेळ बंद, आणि त्याहून उबदार दिवशी पूर्ण बंद. ब्लॉक हीटरला याने काहीच फरक पडत नाही. माझ्या चार्जरला मात्र पडत होता, कारण वीज एकदा जाऊन परत आली की तो आपणहून सुरू न होता कोणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत बसे. मी पाहणी केली ते दोन्ही दिवस नेमके उणे २० च्या खालचे होते. पुढे हवा जरा मवाळ झाली असेल, पहिल्यांदा वीज गेली असेल, आणि तिथून पुढे ती पेटी टर्मिनलना नुसती लटकून राहिली असेल. चार्जर विकत घेताना मी त्याचे अँपिअर पाहिले, व्होल्ट पाहिले, वॉरंटीसुद्धा वाचली. पण वीज परत आल्यावर हा स्वतः सुरू होतो का, हा प्रश्न मला सुचलाच नाही. भारनियमनात वाढलेल्या माणसाला तो सुचायला हवा होता.

तरीही एक कोडे उरत होते. चार्जर बंद पडला असला तरी भरलेली बॅटरी इतकी रिकामी कशी झाली? नवी बॅटरी आणल्यावर, आणि जुनी परत करून तिची अनामत रक्कम सोडवून घेतल्यावर, मी हे शोधायला बसलो. त्यासाठी निगेटिव्ह टर्मिनलची केबल काढून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडावा लागतो, म्हणजे गाडी झोपेत असताना किती वीज खाते ते दिसते. पहिल्या प्रयत्नात मी पिन मीटरच्या मिलिअँपिअरच्या भोकात घातली आणि जोडताक्षणी आतला फ्यूज उडवला, कारण केबल जोडल्याबरोबर गाडीतले संगणक जागे होऊन काही अँपिअर घेतात. ती दहा अँपिअरच्या भोकात घालायची असते. दुसऱ्यांदा नीट जोडून, दारे बंद करून, किल्ली दूर ठेवून पाऊण तास थांबलो, तेव्हा आकडा ६२ मिलिअँपिअरवर स्थिरावला. अशा गाडीने ५० च्या आत राहायला हवे.

एकेक फ्यूज काढून पाहण्याची तयारी केली होती, परंतु तशी वेळ आली नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाला बाहेरचे यंत्र जोडण्याच्या खाचेत, मी स्वतःच वर्षभरापूर्वी ब्लूटूथचा एक डोंगल बसवला होता, इंजिनाची माहिती फोनवर पाहण्याच्या हौसेपायी, आणि तो तिथे आहे हे पार विसरून गेलो होतो. तो उपटला तसा आकडा २८ वर आला. हिशेब सोपा आहे: ६२ मिलिअँपिअरने दिवसाला साधारण दीड अँपिअर-अवर जातात, आणि पन्नासेक अँपिअर-अवरची बॅटरी पाच आठवड्यांच्या आत रिकामी होते. डोंगल नसता तरी ती अडीच महिन्यांत संपली असती. घड्याळ, अलार्म आणि किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर यांना वीज लागतेच, त्यामुळे गाडी नवी असो वा जुनी, केबल जोडलेली ठेवून हिवाळा काढायचा तर चार्जर चालू असलाच पाहिजे.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. आठवड्यातून एकदा कोणाला तरी दहा मिनिटे गाडी चालू करायला सांगावे, हा सर्वांत लोकप्रिय सल्ला. सांगलीहूनही तोच आला. मला तो पटला नाही. उणे २० अंशांत बॅटरी मुळातच वीज सावकाश घेते, इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारा अल्टरनेटर उभ्या गाडीत मंद फिरतो, त्यातच पंखा, काचेचा हीटर आणि दिवे आपला वाटा उचलतात. वर सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी वाफ होऊन उडण्याइतके इंजिन तापतही नाही. छोट्या सोलर पॅनलचाही विचार केला होता, पण इथे डिसेंबरमधला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि पॅनलवरचा बर्फ झाडायला मी सांगलीहून येणार नव्हतो.

दुसऱ्या हिवाळ्यात मी बॅटरीच काढून आत आणायचे ठरवले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गाडी हायवेवर तासभर फिरवली, नंतर बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली आणि चार्जर काढल्यावर लगेच न मोजता दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो, कारण ताज्या चार्जचा फुगवटा उतरल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. तो आला १२.७१. साधारण १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. बॅटरी काढताना दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवायचे आणि मग पॉझिटिव्ह. क्रम उलटा केला आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना लाल होतो. सगळ्यात शेवटी पट्टी काढून बॅटरी उचलली. तेरा-चौदा किलोचे ते ओझे बर्फावरून नेताना मी गाडीपेक्षा माझ्या पाठीचीच जास्त काळजी केली.

तळघरातील आमच्या कोठीत बारा-तेरा अंश तापमान असते आणि हवा खेळती असते. तिथे बॅटरी एका फळीवर ठेवली. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते अशी इथे एक जुनी समजूत आहे. लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळात ती खरी असेल, आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. फळी ठेवली ती फक्त उचलायला बोटे खाली जावीत म्हणून. चार्जर लावून ठेवला नाही. केबल काढलेल्या बॅटरीला सतत वीज पाजण्याची गरज नसते, आणि आम्ही नसताना काहीही चालू राहू नये असे आता मला वाटू लागले होते. त्याऐवजी खोक्यावर एक कागद चिकटवून तारीख आणि व्होल्ट लिहीत गेलो. डिसेंबरमध्ये निघताना १२.६८, फेब्रुवारीत परतल्यावर १२.६२. एक रात्र चार्ज केल्यावर पुन्हा १२.७.

ज्यांच्या घराला गॅरेज आहे आणि गॅरेजमध्ये सलग वीज आहे, त्यांनी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. वीज गेल्यावर पुन्हा आपणहून सुरू होणारा, आणि थंडीत व्होल्ट किंचित वाढवणारा चार्जर लावून ठेवावा. बॅटरी एजीएम प्रकारची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली, असेल तर त्यावर तसे बटण असते, ते दाबावे. वायर मात्र थंडीसाठी बनवलेली घ्यावी. साध्या एक्स्टेन्शनची वायर उणे २५ मध्ये काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते. गॅरेज नसेल, तर भरलेली बॅटरी केबल काढून गाडीतच ठेवली तरी चालते. ती गोठत नाही हे वर आलेच आहे. मी आत आणली ती मुख्यतः एवढ्यासाठी की हाताशी असलेली वस्तू मोजण्याचा कंटाळा येत नाही.

एप्रिलच्या मध्यावर मीठ धुऊन नेणारे दोन पाऊस पडून गेल्यावर बॅटरी पुन्हा बसवली, या वेळी आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. सेल मारल्याबरोबर इंजिन फिरले. पहिली दोन-तीन मिनिटे ते जरा अडखळत होते, कारण वीज तुटल्यावर संगणक आपले जुने शिकलेले विसरतो. टर्मिनलवर १४.२ व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटरही ठीक होता. मग घड्याळ लावले, रेडिओची स्टेशने पुन्हा भरली, आणि डोंगल टेबलाच्या खणातच राहू दिला.