फिरकी

दुपारी न्हाऊन केस पुसत होते. टॉवेल कानाला अडकला आणि फरशीवर ‘टिक्’ असं काहीतरी वाजलं. तो आवाज ओळखायला शिकावं लागत नाही. मी होते तिथंच थिजले. पंखा बंद करायला लावला, मुलीला दारातच थांबवलं, आणि कामाला येणाऱ्या मावशींना ओरडून सांगितलं, ‘‘मावशी, केर फेकू नका हो!’’

कानातलं हातातच होतं. गेली होती ती फिरकी. कानातलं कधी आपणहून हरवत नाही. आधी फिरकी जाते, मग दोन तासांनी, लग्नाच्या पंगतीत नाहीतर एसटीत, कानातलं तिच्या मागं जातं.

म्हणून सराफाकडं गेले की मी कानातलं पहिल्यांदा उलटं करून बघते. मखमलीच्या ट्रेमधून तो बिचारा खडे, जाळी, नक्षी दाखवत असतो आणि मी दांडी बघत असते. दांडी किती जाड, आटे किती खोल, फिरकीची चकती किती रुंद. बाकीच्या बायका आरसा मागतात, मी फिरकी काढून परत लावून बघते. सरळ बसली, अडली नाही, शेवटच्या आट्याला किंचित आवळल्यासारखी झाली, की मग पुढची नक्षी. पुढचं लोक बघतात. मागचं आपल्याला निभवायचं असतं.

आकड्याचे डूल मला आवडत नाहीत. मान वाकवली की सटकतात, ओढणीत अडकतात. नुसती दाबून बसवायची फिरकी रोज वापरायच्या सोन्याला चालत नाही. चार महिन्यांत तिची पकड जाते. चिमट्याच्या कानातल्यांबद्दल बोलायलाच नको. शाळेच्या गॅदरिंगला एकदा लावले होते. नाच संपेपर्यंत पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या, आणि फोटोत मी रडतेय असंच सगळ्यांना वाटतं. खोटी कानातली एक वेळ चालतील, पण कानातून आरपार जाते ती दांडी असते. निकेलची असली की काहींचा कान चिघळतो, मग पुढं मोती असो नाहीतर हिरा.

सराफ विचारतो, ‘‘बॉम्बे स्क्रू का साउथ स्क्रू?’’ बॉम्बे म्हणजे बारीक दांडी, साउथ म्हणजे जाड. हा प्रश्न लातूरच्या सराफ लाइनीत कुणी विचारला की मला हसूच येतं. 1948 साली इथलं निजामाचं राज्य गेलं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. कानांना मात्र आणखी एक पिढी लागली. आजीच्या कानाची भोकं शेवटपर्यंत साउथची होती, आईची मधलीच, माझी बॉम्बेची. आजीच्या कुड्या माझ्या कानात घालायच्या तर सराफाला दांडी घासून बारीक करून द्यायची होती. मी नको म्हटलं. तेल लावून, रडत, आठ दिवसांत भोकच मोठं करून घेतलं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात; मी तेवढी थांबले नाही.

आमच्या लहानपणी गावाकडच्या घरात शहाबादी फरशी होती. दोन फरश्यांच्या मधल्या फटीत करंगळीचं नख जाईल एवढी जागा. त्या फटींनी आमच्या घराचं किती काय गिळलं असेल! पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे, साबुदाणे, पाच पैसे. एकदा आईची फिरकी गेली, ऐन पोळ्याच्या दिवशी. पुरणासाठी चूल पेटलेली आणि आई हातात केरसुणीचा हीर घेऊन फटी टोकरत बसलेली. भावाला शहाणपण सुचलं. मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक दोरीला बांधून तो घरभर फिरवत निघाला. पाठीमागं मी, माझ्यामागं शेजारची दोन पोरं. अशी वरात. चुंबकाला तीन टाचण्या, आईची एक केसाची पिन, आजोबांच्या चपलेचा खिळा आणि ढीगभर काळी रेती लागली. आजोबा ओसरीवरून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आरं सोनं चुंबकाला लागलं असतं तर चोरांनी रात्री काय केलं असतं?’’

संध्याकाळी ती फिरकी आईच्याच चोळीत सापडली. आई कुणाशी बोलली नाही.

सापडेपर्यंत काय करायचं, हेही एक शास्त्र होतं. रिफिलचा तुकडा कापून दांडीवर चढवायचा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा तर याहून भारी, गच्च बसतो. आमच्या वर्गात निम्म्या मुलींच्या कानामागं काळं रबर असायचं. आटे झिजले असतील तर दांडीला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि त्यावर फिरकी पिळायची. हे मी आजही करते. सोनं मऊ, त्यात 22 कॅरेटचं. रोज काढघाल केली की आटे जाणारच. माणसाचेही जातात.

वजनाचं कोडं मात्र आमच्याकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांनी कधीच सोडवलंय. गालाशी लोंबणारे त्यांचे घुगऱ्या-टोपल्या हे दागिने कानात नसतातच, केसांत बांधलेले असतात. कानाला ताप नाही. आपण मोठ्ठे झुबे घालतो आणि मग वेल लावून केसांकडं मदत मागायला जातो.

आजीच्या कानांबद्दल सांगत होते. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या कुड्या गहाण पडल्या. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, येताना पोरांसाठी पदरात तिथं खायला मिळणारी सुकडी आणायची. कान मोकळे. पण भोकं तिनं बुजू दिली नाहीत. कडुलिंबाची काडी तासून घालायची, वाळून बारीक झाली की नवी, जरा जाड. जवळजवळ दोन वर्षं. लहानपणी मी विचारायचे, ‘‘आजी, दोन वर्षं कशाला गं?’’ ती म्हणायची, ‘‘अगं, कुड्या यायच्या व्हत्या की माघारी. आल्यावर कुठं घालू?’’

आल्या. मोती जागेवर, सोनं जागेवर, एकीची फिरकी मात्र नव्हती. कुठं गेली ते तिनं विचारलंही नाही. पैसे उरलेले नव्हते, म्हणून गावच्या सोनारानं चांदीची फिरकी करून दिली आणि वरून सोन्याचं पाणी दिलं. ते पाणी माझ्या जन्माआधीच उडालं असावं. मी बघितली तेव्हापासून आजीच्या उजव्या कानामागं पांढरी फिरकी, डाव्या कानामागं पिवळी. पुढनं बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मी तिच्या मागं बसून वेणी घालायचे, मला दिसायची. त्या सोनारानं आटे हातानं पाडलेले. दुसरी कुठलीही फिरकी त्या दांडीवर अर्ध्यात अडते. मी चार दुकानांत बघितलंय.

तीन वेळा केर चाळला. पलंग सरकवला. टॉवेल झटकला, उन्हात धरला, पुन्हा झटकला. मुलगी टॉर्च घेऊन पालथी पडली होती. मोरीची जाळी तेवढी राहिलीय.

‘‘मम्मी, सोन्याची होती का?’’ तिनं विचारलं.

मी ‘हो’ म्हणाले. नाहीतर टॉर्च ठेवून गेली असती.