चौफुल्यावरून डावीकडे

यवतच्या मुक्कामी पिठलं-भाकरी पोटभर झाली होती, तरी भांडगाव मागे पडेस्तोवर पुन्हा भूक लागली. तुकोबांच्या पालखीचा यवत ते वरवंड हा टप्पा सगळा हमरस्त्याचा. सावली बेताचीच, डांबर खालून भाजतं. घाट नाही, रिंगण नाही, त्यामुळे जुन्या वारकऱ्यांना त्याचं अप्रूप नसतं. मला मात्र देहू सोडल्यापासून याच दिवसाची ओढ होती. केडगावच्या चौफुल्याला उजवा रस्ता सुपे-मोरगावकडे जातो आणि डावा केडगावला. पुण्या-मुंबईच्या माणसाला चौफुला म्हटलं की लावणीची कला केंद्रं आठवतात. केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई फार थोड्यांना आठवतात.

पालखी विसाव्याला टेकली तसं मी डोक्यावरचं बोचकं दिंडीच्या ट्रकात टाकलं. दिंडीतल्या बीडकडच्या मावशींनी लगेच हटकलं, "कुठं निघालीस गं? चुकामूक व्हायची."

"केडगावात जाऊन येते, मावशी. वरवंडात गाठते तुम्हाला."

"कुणाचं देऊळ हाय तिथं?"

"देऊळ नाही, शाळा आहे. आणि चर्च."

मावशींनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि तुळस दुसऱ्या बाईच्या डोक्यावर चढवली. पुढे काही विचारलं नाही.

तीन-चार किलोमीटरचा रस्ता. टाळ-मृदंगाचा आवाज मागे विरत गेला आणि पायांना एकदम एकटं वाटायला लागलं. रमाबाईंचं बालपण असंच चालण्यात गेलं होतं. त्यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न, पण बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून भाईबंदांच्या रोषाला कारण झालेले. मुलगी काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या पेटाऱ्यात घातलेली रमा एका गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरली. आणि मग वर्षानुवर्षं तेच: एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राला, देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचं, पोथीपुढे पडेल त्या तांदळावर दिवस काढायचा. आई चालता चालता पाठ करून घ्यायची. भागवताचे १८ हजार श्लोक त्या मुलीला असे मुखोद्गत झाले.

हे सगळं ज्याला वारी माहीत आहे त्याला ओळखीचं वाटेल. पुढचं मात्र नाही. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. जवळचं होतं-नव्हतं ते दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात संपलं होतं. भिक्षा मागायची लाज, आणि अंगमेहनतीचं काम कुणाला शिकवलेलंच नव्हतं. आईला स्मशानात न्यायला चार माणसं मिळेनात. रमाची उंची कमी पडली, म्हणून तिनं तिरडीचा आपला भार डोक्यावर घेतला. आमच्या वाटेवर दर कोसाला कुणी चहा देतं, कुणी पाय दाबून देतं, मागे पाण्याचा टँकर असतो. या लेकरांना काहीच नव्हतं. ती आणि भाऊ श्रीनिवास दोघं चालत राहिले, ते थेट १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

मिशनच्या फाटकाशी मी टोपीवाल्या रखवालदाराला रामकृष्णहरी केलं. तोही "माऊली" म्हणाला. इथल्या शाळेत आयुष्य घालवलेल्या एक निवृत्त बाई भेटल्या. माझ्या कपाळावरच्या बुक्क्याकडे पाहून हसल्या, आधी पाणी दिलं आणि मग बोलायला लागल्या. रमाबाईंबद्दल त्या 'आमच्या बाई' असंच म्हणतात, जणू मागच्या वर्षीपर्यंत त्यांच्या हाताखाली नोकरी केली असावी.

विधवांच्या शिक्षणासाठीचं रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं, मग पुण्यात आलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या विधवा गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. पण संस्थाचालिका १८८३ मध्येच इंग्लंडात ख्रिस्ती झालेली. सदनातल्या मुलीही बाटतील या ओरड्यानं पुणं पेटलं. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावची जमीन बाईंनी सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेली, फळबागेसाठी. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. मग बागेच्या जागी गाव उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तर इथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

मला सगळ्यात आवडली ती तिथली शिकवण्याची रीत. अक्षरओळख प्रत्येकीला, आणि जोडीला हाताचं काम: माग, तेलघाणी, गोठा, शेती, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल. छापखान्यात खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं बायकांचं. उपाशी मेलेल्या आईबापांना येत नव्हतं ते आपल्या एकाही मुलीला येत नाही असं होऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा हट्ट मला तरी स्पष्ट दिसतो. शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या त्यांची लेक मनोरमा. आईला ऐकू कमी येई. वैद्यकी शिकायचं त्यामुळेच राहून गेलं होतं. १९०५ च्या जूनमध्ये ख्रिस्ती धर्मजागृतीची लाट आली, तेव्हा मुक्तीतल्या शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं रडत, प्रार्थना करत होत्या. त्यांच्या मधोमध ही बहिरी बाई. पगडीवाल्या पंडितांचं ऐकलं नाही तसं पाद्र्यांचंही तिनं निमूटपणे कधी ऐकलं नाही. अंगावर साधं पांढरं लुगडं, जेवण शेवटपर्यंत शाकाहारी. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत, एवढी संस्कृत येत असून!

तीर्थक्षेत्रांवर बाईंनी फार कठोर लिहिलंय. ते वाचताना मी चिडलेलीही आहे. पालखीत मला जे मिळतं ते त्यांना कुठल्याच ओवरीत मिळालं नाही, म्हणून ते नसतंच असं कसं म्हणायचं? पण वृंदावनात विधवांचं काय होतं हे पाहायला त्या स्वतः भिकारणीच्या वेषात तिथे राहून आल्या होत्या. ज्यानं असं पाहिलंय त्याच्याशी मी वाद घालायला जाणार नाही. माळ मी काढणार नाही, आणि त्यांचं म्हणणंही खोडणार नाही.

चर्चमध्ये थोडा वेळ बसले. खूप मोठं आहे ते, खेड्याच्या मानानं अवाढव्य. त्या निवृत्त बाईंनी निघताना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि "वरवंडापर्यंत रिक्षा बघू का" विचारलं. मी चालतच निघाले.

वरवंडात दिंडी सापडायला अंधार पडला. मावशींनी माझ्या वाटची भाकरी झाकून ठेवली होती. लाडू वाटले, तसं त्यांनी विचारलं, "मग? बघितलं का तुझं चर्च?" मी सांगत गेले, त्या हूं हूं करत ऐकत गेल्या. तिरडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. धर्म बदलल्याचं सांगितलं तेव्हा काहीच बोलल्या नाहीत.

"लेक हुती म्हणालीस. तिचं काय झालं?"

"चाळिशीतच गेली, १९२१ मध्ये. आई वर्ष उलटायच्या आत गेली, एप्रिल १९२२ ला. बायबलाचं काम तेवढं हातावेगळं केलं."

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. अख्खा हरिपाठ पाठ आहे. नात यंदा दहावीला बसते. त्यांनी कनवटीच्या पिशवीतून औषधाच्या दुकानाची पावती काढली आणि माझ्यापुढे धरली.

"हिच्या मागं त्या बाईचं नाव लिही. पोरगी वाचंल."

मी लिहिलं: पंडिता रमाबाई, मुक्ती मिशन, केडगाव, तालुका दौंड.

"आन् यायचं कसं तेबी लिही. एसटी हाय का रेल्वे?"

मी खाली लिहिलं, पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन.