आयपॉडवर मराठी अक्षरं: शिरोरेषा जुळली, आता रोख रॉकबॉक्सच्या आत

मंडळी, ‘ज्योत्स्ना भोळे’ हे नाव आयपॉडच्या पडद्यावर अखेर धड दिसतंय. ‘त्स्ना’ एकसंध, ‘भो’ म्हणजे ‘भो’च, आणि वर शिरोरेषा सलग. मागच्या नोंदीनंतर ज्यांनी ज्यांनी विचारलं की मराठीचं कुठवर आलं, त्यांना आधी एवढंच सांगतो. आता तपशील.

यंत्र तेच. २००६चा, साडेपाचव्या पिढीचा व्हिडिओ आयपॉड, ३० जीबीवाला. आतली १.८ इंची डिस्क काढून तिथे एसडी कार्डाचं अडॅप्टर, वर रॉकबॉक्स ४.०, म्हणजे ॲपलच्या प्रणालीऐवजी चालणारी मुक्त प्रणाली. समोर डेबियन लिनक्सचा लॅपटॉप. जोडणीचा प्रश्न आता उरलेला नाही. केबल लावली की रॉकबॉक्स आपणहून यूएसबी मोडमध्ये जातो, लॅपटॉपला तो साधा फॅट३२चा ड्राइव्ह दिसतो, गाणी फोल्डरसकट टाकायची. आयट्यून्सडीबीची, म्हणजे ॲपलच्या गाण्यांच्या डेटाबेस फाइलची, भानगड नाही, चार अक्षरी अगम्य फाइलनावं नाहीत. ज्यांनी लिबजीपॉड या लिनक्सवरच्या लायब्ररीच्या जोरावर ती डेटाबेस फाइल लिहायची खटपट केली आहे, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

कार्डाबद्दल एक सांगून ठेवतो. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, सुटे भाग, टॉर्क्सचे पेचकस, रिबन केबल यासाठी मी डोळे मिटून जाईन. मेमरी कार्डासाठी डोळे उघडे ठेवून. एका गाळ्यातून आणलेलं कार्ड पाकिटावरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं. कार्डाची खरी क्षमता तपासणाऱ्या एफ३ या साधनातल्या एफ३राइटने कार्ड पूर्ण भरायचं, एफ३रीडने वाचून बघायचं, आणि मगच आयपॉडचं पोट बंद करायचं. त्या मागच्या पत्र्याच्या क्लिपा वारंवार उघडझाप सहन करत नाहीत.

आता मूळ दुखणं. रॉकबॉक्स युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेत) देणारी पद्धत, वाचतो; त्याच्यासोबत मिळणाऱ्या युनिफॉन्ट या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंही आहेत. पण अक्षरं असणं वेगळं आणि ती जुळणं वेगळं. रॉकबॉक्स एकामागून एक संकेत घेतो आणि तसेच मांडतो. म्हणजे ‘किशोरी’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येते, ‘विठ्ठल’मध्ये पाय मोडलेला ठ आणि शेजारी दुसरा ठ, रफार कुठेच डोक्यावर चढत नाही. माझ्याकडे नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीतांचा मोठा साठा आहे आणि टॅग, म्हणजे फाइलीत लिहिलेली गाण्यांची-कलाकारांची नावं, सगळे देवनागरीत. ते रोमनमध्ये करून टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. नाही करणार. गाण्याचं नाव आपल्या लिपीत नीट वाचता यावं ही माफक अपेक्षा आहे, आणि यंत्र उघडं असेल तर ती पुरी करता यायलाच हवी.

उपाय असा: अक्षरजुळणी आयपॉडवर करायचीच नाही, ती डेबियनवर करायची. पायथनची स्क्रिप्ट सगळे टॅग वाचते आणि प्रत्येक शब्द हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडे देते. हार्फबझ जुळणी करून देतो, वर कुठली चिन्हं मिळून एक अक्षर होतं हेही क्लस्टरच्या क्रमांकावरून सांगतो. असं प्रत्येक पूर्ण अक्षर, म्हणजे ‘त्स्ना’ अख्खं, ‘ठ्ठ’ अख्खं, ‘शिं’ अख्खं, फ्रीटाइप या फॉन्टमधून चित्र काढणाऱ्या लायब्ररीकडून एकच चित्र म्हणून काढून घ्यायचं आणि युनिकोडच्या खाजगी वापराच्या पट्ट्यात (ज्याने-त्याने हवे ते अर्थ द्यावेत म्हणून मोकळ्या ठेवलेल्या संकेतांत) त्याला एक जागा द्यायची. ई०००पासून एफ८एफएफपर्यंत ६४०० जागा आहेत; माझ्या साठ्यात खरोखर वापरलेली वेगवेगळी अक्षरं त्यात आरामात मावतात. सगळी चित्रं बीडीएफ या पिक्सेल-फॉन्टच्या फाइलमध्ये, आणि रॉकबॉक्सच्या टूल्स फोल्डरमधल्या कॉन्व्हबीडीएफ या साधनाने त्याचा रॉकबॉक्सचा फॉन्ट. आयपॉडवर जाणाऱ्या प्रतीत टॅगसुद्धा त्याच खाजगी संकेतांनी लिहायचे. आयपॉडला वाटतं साधी अक्षरं आहेत, एकापुढे एक मांडतो, आणि आपल्याला मराठी दिसतं.

एवढं मागच्या नोंदीत होतं. त्यानंतर जे अडलं ते शिरोरेषेपाशी.

रॉकबॉक्सच्या फॉन्टमध्ये प्रत्येक चित्राला एक चौकट असते आणि पुढचं चित्र ती संपली की सुरू होतं. हार्फबझ रुंदी देतो ती पिक्सेलच्या अपूर्णांकात. ती वरच्या पूर्णांकाला नेली की चौकटीच्या उजव्या कडेला कधी एक कोरा स्तंभ उरतो, कधी उरत नाही. परिणाम: शिरोरेषेला मधेच फटी, लोकलच्या दोन डब्यांमध्ये असते तशी. त्यात रफार आणि अनुस्वार उजवीकडे चौकटीबाहेर झुकतात. त्यांच्यासाठी चौकट रुंद केली की फट आणखी वाढते. ३२० बाय २४० च्या पडद्यावर, २२ पिक्सेल उंचीच्या अक्षरात, एका पिक्सेलची फटसुद्धा डोळ्याला टोचते.

यावर सरळ सुचणारा उपाय म्हणजे शिरोरेषेच्या ओळीतले सगळे पिक्सेल चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत काळे करणे. ते केलं आणि भोळ्यांचे मोळे झाले. ‘भ’ आणि ‘म’मधला, ‘ध’ आणि ‘घ’मधला फरक त्या डावीकडच्या तुटलेल्या रेषेतच तर आहे! ‘भान’चं ‘मान’, ‘धन’चं ‘घन’. ‘थ’सुद्धा त्याच जातीचा. रेषा सलग, वाचन चुकीचं.

मग अक्षरागणिक अपवादांची यादी करायला घेतली, पण ती जोडाक्षरांपाशी कोसळते. ‘ध्य’ला डावीकडे मोकळी जागा हवी, ‘द्ध’ला नको, ‘भि’मध्ये डावीकडे वेलांटीच येते, ‘र्भ’मध्ये आणखी निराळं. यादी वाढत गेली आणि प्रत्येक नव्या गाण्यासोबत नवा अपवाद आला.

सुटलं ते यादी फेकून दिल्यावर. अक्षराचं नाव विचारायचंच नाही, चित्रालाच विचारायचं. शिरोरेषेच्या ओळीत डावीकडून पहिले दोन पिक्सेल बघा: तिथे शाई असेल तर ती कडेपर्यंत ओढा, नसेल तर हात लावू नका. उजवीकडे शेवटची शाई सापडेल तिथून कडेपर्यंत ओढा, रफारासाठी वाढवलेल्या जागेखालूनही. मधल्या कुठल्याही फटीला स्पर्श नाही. ‘भ’ची डावी बाजू मोकळी राहते, ‘भि’ची वेलांटीमुळे आपोआप जोडली जाते. इतका छोटा नियम, आणि सगळा साठा सरळ झाला. त्या दिवशी मी नुसती कलाकारांची यादी वर-खाली फिरवत बसलो होतो. चाकावर अंगठा फिरतोय आणि माणिक वर्मा, मल्लिकार्जुन मन्सूर, हिराबाई बडोदेकर, सगळे नीट वाचता येताहेत.

फॉन्टबद्दल. आयआयटी मुंबईची शोभिका छापील मजकुरात मला फार आवडते, पण तिच्या बारीक रेषा या आकारात, करड्या छटांशिवाय, टिकत नाहीत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मात्र सुरेख उतरतो. गाठी मोकळ्या राहतात. हार्फबझला भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, सांगायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सगळे टॅग एनएफसी या युनिकोडच्या एकसंध रूपात आणा, नाहीतर नुक्ता लावलेला ‘र’ आणि एकसंध ‘ऱ’ ही दोन वेगळी अक्षरं मोजली जातात.

एक फायदा न मागता मिळाला. रॉकबॉक्सच्या गाण्यांच्या डेटाबेसची क्रमवारी बाइटच्या, म्हणजे संकेतांच्या, क्रमाने लागते. खाजगी संकेत देताना मी अक्षरं आधी मराठी वर्णक्रमाने लावून घेतली, त्यामुळे ‘ळ’ ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी, जिथे असायला हवेत तिथेच. युनिकोडच्या मूळ क्रमात ‘ळ’ ‘ल’ला खेटून येतो आणि ‘क्ष’ ‘क’मध्ये बुडतो.

आता नवं अडलंय. नवीन अल्बम आला आणि त्यात एखादं न वापरलेलं अक्षर निघालं की क्रम राखायला सगळे संकेत सरकतात, म्हणजे सगळे टॅग पुन्हा लिहायचे. शिवाय आयपॉडवरची प्रत मूळ फाइलींपेक्षा वेगळी असल्यामुळे आरसिंक हा फक्त बदललेल्या फाइली चढवणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी अख्खा साठा नव्याने चढवायला बघतो. आणि तीच फाइल दुसऱ्या कुणाला दिली तर त्याला नुसत्या चौकोनी डब्या दिसणार. मधे रिकाम्या जागा सोडून संकेत द्यायचे, असं ठरवून ही नोंद लिहायला बसलो होतो.

पण लिहिता लिहिता रॉकबॉक्सचा स्रोत पुन्हा उघडला आणि विचार बदलला. फर्मवेअरमधली बिडी डॉट सी (bidi.c) ही फाइल बघा. पडद्यावर जाणारा मजकूर तिच्यातून जातो, आणि अरबी अक्षरांची जोडणी तिथेच होते. म्हणजे दार आधीपासून आहे! तिथे देवनागरीसाठी एक पायरी घालायची: आलेल्या संकेतांमधला सर्वांत लांब जुळणारा गट तक्त्यात शोधायचा आणि त्याच्या जागी खाजगी संकेत ठेवायचा. तक्ता फॉन्टसोबत डेबियनवरच तयार होईल. मग टॅगला हातही लावायला नको. फाइलनावं, प्लेलिस्ट, सगळंच मराठीत दिसेल, आरसिंक शहाण्यासारखा वागेल. रिकाम्या जागांचा बेत रद्द.

यात वर्णक्रम मात्र हातचा जाईल, कारण डेटाबेसमध्ये मूळ देवनागरीच राहणार. त्यासाठी क्रमवारीच्या तुलनेतही हाच तक्ता वापरता येईल का, ते पुढे बघेन. आधी जुळणी. रॉकबॉक्सडेव्ह स्क्रिप्टने एआरएमचा, म्हणजे आयपॉडच्या प्रोसेसरसाठीचा, कंपायलर बांधायला लावला आहे. हा बदल, म्हणजे पॅच, आधी लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये चालवणार, मग आयपॉडवर.

तोवर एक मदत हवी आहे. तुमच्या टॅगमध्ये विचित्र जोडाक्षरं असतील, संस्कृत स्तोत्रांमधली तीन-चार मजली, ‘दऱ्या’तला ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ची इंग्रजी नावं, तर ती गोळा करून पाठवा. गाणी नकोत, नुसते शब्द साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पुरेत.