साडेआठच्या वेगाची स्कूटर

इंदूरचं बोलावणं आलं ते आत्याच्या सत्तरीचं. फोन ठेवल्याबरोबर मी उघडलं काय, तर पळण्याचं वेळापत्रक. आत्याला हे कळलं तर ती मला उंबऱ्याबाहेरच ठेवील, पण खरं ते खरं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्या तीन आठवडे आधी शेवटची मोठी लाँग रन, बत्तीस किलोमीटर, उरकायची आणि मग टेपर, म्हणजे पळणं उतरवत नेऊन पायांना ताजं होऊ द्यायचं. तो बत्तीसचा रविवार नेमका इंदुरात येत होता. बॅगेत आत्याची पैठणी खाली आणि बूट वर, अशी मी निघाले.

रेल्वेतली रात्र, राजवाडा, लालबाग, खजराण्याचा गणपती, शनिवारी संध्याकाळी सत्तर दिव्यांचं औक्षण आणि आत्याच्या डोळ्यांतलं पाणी. सगळं दोन दिवसांत झालं, छान झालं, फोटो घरच्या ग्रुपवर आहेत.

शनिवारी रात्री जे झालं ते मात्र ग्रुपवर नाही. मोठ्या पल्ल्याच्या आदल्या रात्री काय खायचं हे मी चार ठिकाणी लोकांना सांगत असते: भात, मऊ खिचडी, थोडं दही, तिखट नाही, तळलेलं नाही, आणि नवीन तर काहीच नाही. शेवटची लाँग रन म्हणजे शर्यतीची रंगीत तालीम. मोजे, व्हॅसलीन, पळताना खायचं एनर्जी जेल आणि आदल्या रात्रीचं जेवणसुद्धा तेच. साडेनऊला मी आत्याकडे खिचडी खाल्ली. दहाला सगळी मंडळी सराफ्यात निघाली. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती मिटली की त्याच पायऱ्यांसमोर कढया लागतात. मी म्हटलं, नुसती बघायला येते. काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, माझ्या हातात गराडूचा द्रोण ठेवला. तळलेला कंद, वर लालभडक मसाला, त्यावर लिंबू. "थंडीतच मिळतो भिया हा, पुण्याला काय खाशील?" इंदुरात भाचीलाही 'भिया', म्हणजे भैया, म्हणतात, निदान आमचे काका म्हणतात. एक द्रोण खाल्ला. मग आत्याचा उरलेला अर्धा. पुढचं पुढे सांगते.

घरी येऊन गजर चारचा लावला आणि सहज बोलून गेले की पहाटे पाचला पळायला जाणार, नऊपर्यंत येईन. घरात शांतता पसरली.

"एकटी?" आत्या.

"रस्ते चांगले आहेत की इथले."

"रस्ते चांगले आहेत. अंधार तर अंधारच आहे ना." काकांनी विषय मिटवला. "मी येतो मागून स्कूटरवर."

मला राग आला. वय ४६, दोन मॅरेथॉन झालेल्या, आणि त्र्याहत्तर वर्षांचे काका कानटोपी घालून माझी राखण करणार! शिवाय स्कूटरचा धूर, स्कूटरची घरघर आणि त्यावर काकांचं बोलणं. मी हो-ना केलं, आत्यानं "मग जाऊच नकोस" असं ब्रह्मास्त्र काढलं, मी गप्प बसले. पाहुणचाराचं हे असंच असतं, तो नाकारायला दार नसतं. रात्री गादीवर पडून मी काकांवर मनातल्या मनात जे काही बोलले ते आता आठवलं की कसंसंच होतं.

इथे माझ्या पळण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या मुंबईत मी पहिली अर्धी शर्यत २ तास १२ मिनिटांत मारली आणि दुसरी अर्धी ३ तास ५ मिनिटांत. किलोमीटरला सव्वासहा मिनिटांनी निघाले, पावणेनवांनी सरपटत आले. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, पस्तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर, अगदी नको त्या वेळी. तिथे मी फुटपाथच्या कडेला बसून एका अनोळखी बाईंच्या हातचं संत्रं खाल्लं आणि रडले. कारण अगदी साधं आहे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजन साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आटत येतं, आणि सुरुवातीला जितकं उधळावं तितकं ते लवकर आटतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बंदूक वाजली, आजूबाजूची गर्दी सुटली, पाय हलके वाटले की माहीत असलेलं सगळं कुठल्या कुठे जातं. यंदा पाच तासांच्या आत यायचं आहे. त्याला किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद लागतात. मी सातचा पेस धरलाय, म्हणजे ४ तास ५५ मिनिटं. बत्तीसच्या तालमीचा बेत असा: पहिले दहा ७:२० नं, पुढचे बारा ७:१० नं, शेवटचे दहा सातनं. हळू निघणं हीच त्यातली खरी परीक्षा.

पाच वाजून पाच मिनिटांनी रामबागेतून निघालो. काका स्वेटर, मफलर, कानटोपी, पायांत मोज्यांवर चपला. डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या, खजूर, आत्यानं कोंबलेले डिंकाचे लाडू. रस्ता झाडणारी माणसं आमच्याही आधीची उठलेली होती. थंडी इतकी की श्वासाची वाफ दिसत होती.

पहिला किलोमीटर ६:३१. दुसरा ६:३८. राग पायांत उतरला होता.

मागून हॉर्न वाजला. "किती म्हणाली होतीस?"

"सात वीस."

"आणि किती झाले?"

मी सांगितले. काका काही बोलले नाहीत. फक्त मागे राहिले. मी पुढे, दिवे बंद असलेल्या एका तुकड्यात शिरले आणि स्कूटरच्या उजेडातून सरळ अंधारात गेले. पायाखालचं दिसेना. झक मारत हळू झाले, तो उजेड आला. पुन्हा जरा पाय उचलला, पुन्हा अंधार. काका आपला वेग सोडायला तयार नव्हते. किलोमीटरला सात-सव्वासात म्हणजे ताशी जेमतेम साडेआठ किलोमीटर; स्कूटरचा काटा त्या वेगाला धड जागेवरून हलतही नाही. "दिसत तर काही नाही इथे," काका काट्याकडे बोट करून म्हणाले, "अंदाजानंच चाललोय."

त्यांचा अंदाज कुठून आला ते पलासिया सोडून एबी रोडला लागल्यावर कळलं. काका तरुणपणी इथल्या एका कापडगिरणीत मागावर होते. एकोणीस वर्षं सायकलनं गेले-आले. "भोंगे तीन व्हायचे. पहिला अंथरुणात, दुसरा निघताना, तिसरा फाटकात. तिसऱ्याला फाटक बंद. मग अर्धा दिवस गेला समज." सायकल जोरात मारली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भोंग्यामध्ये वेळ उरतो, बिडी ओढता येते, पण मग आठ तास मागासमोर उभं राहायला पाय कुठून आणायचे? म्हणून त्यांनी रस्त्यातल्या खुणा बांधून घेतल्या होत्या. पिंपळापाशी इतकं झालं पाहिजे, पुलापाशी इतकं. लवकर झालं तर पाय सोडून द्यायचे. मी ज्याला स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याची वेळ, म्हणते आणि ज्यासाठी मनगटावर महागडं घड्याळ बांधते, ते काकांनी भोंग्यावर केलं होतं. गिरणी बंद पडली, मग एका किराणा दुकानात हिशेब लिहायचं काम केलं. ती सवय राहिलीच होती. घड्याळ टुणकन वाजलं की मी आकडा ओरडायचे, काका थांबायचे, खिशातल्या किराण्याच्या यादीमागे पेन्सिलीनं लिहायचे आणि पुन्हा येऊन मला गाठायचे.

सुपर कॉरिडॉरवर घड्याळानं दगा दिला. तिथे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचा पूल आहे, त्याच्या कडेनं पळताना सिग्नल बावचळला असावा. एकदम ५:४० दाखवायला लागलं, मग ९:१०. मी हैराण. दर दहा पावलांना मनगट वर.

"ते झाक बघू," काका म्हणाले. "खांब मोज."

खांब त्यांनीच मोजले. पन्नास खांबांना लागलेला वेळ मला मोबाइलवर बघायला लावला, पुढच्या पन्नासांना पुन्हा. "अकरा सेकंद कमी. घाई करून राहिलीस." पुढचे पन्नास बरोबर आले. त्यानंतर मी घड्याळाकडे बघितलंच नाही, आणि तेवढा तुकडा मी आजवर पळालेल्यांपैकी सगळ्यात निवांत होता. सोळाव्याला वळलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता.

काकांनी विचारलं, जगात सगळ्यात जोरात कोण पळतं? मी केनियाच्या केल्विन किप्टमची गोष्ट सांगितली. २०२३ साली शिकागोत २ तास ० मिनिटं ३५ सेकंद. पहिला अर्धा एक तास ४८ सेकंदांत, दुसरा अर्धा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत, म्हणजे दुसरा एका मिनिटानं जलद. काका खूश. "बघ! बिडी नाही ओढली त्यानं." मग मी सांगितलं की चारच महिन्यांनी तो गाडीच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर दोन किलोमीटर काका बोलले नाहीत. पूर्ण सकाळीत एवढीच शांतता.

ती गराडूनं मोडली. एकोणिसाव्याला पोटात कळ आली आणि मी थांबले. काय झालं ते सांगायची वेळ आली नाही, काकांनी चेहरा बघितला, स्कूटर पुढे दामटली आणि चौकातल्या चहावाल्याला अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "भिया, शौचालय किधर है? हमारी बच्ची को जाना है!" चार माणसं आणि एक दूधवाला, सगळ्यांनी एकाच दिशेला हात केला. धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं. पण इंदूरच्या स्वच्छतेबद्दल २०१७ पासून जे ऐकतोय ते मी त्या क्षणी स्वतः पडताळून पाहिलं: सकाळी साडेसातला सार्वजनिक शौचालय धुतलेलं, कोरडं, नळाला पाणी, आत कडी. पुण्यात माझ्या नेहमीच्या पळण्याच्या रस्त्यावर असं एकही नाही. राजवाड्यापेक्षा मला इंदूरचं हेच जास्त लक्षात राहणार आहे, काय करू.

एमआर-१० या रस्त्यावरचा रेल्वेपूल परतीला लागतो. चढ फार नाही, पण बावीसच्या आसपास आला की पेडर रोडची आठवण करून देतो. मी दात-ओठ खाऊन पेस टिकवायला लागले.

"अगं, सोड," काका शेजारी आले. "सायकलवर पुलाशी कधी भांडलो नाही मी. नजर चाकापुढे दोन हात. जे जातंय ते जाऊ दे."

पुलावर पंचवीस सेकंद गेले. उतारावर ते लगेच वसूल करायचा मोह झाला, काकांनी स्कूटर आडवी नाही पण तिरकी घातली. शेवटचे दहा सातनं निघाले. एक ७:०४, एक ६:५८, बाकी आसपास. पाय दुखत होते; पण मागच्या वेळेसारखं, कुणीतरी आतला दिवा बंद केल्यासारखं काही झालं नाही. शौचालयाचा वेळ सोडून ३ तास ४८ मिनिटं. रीगलजवळ एका ठेल्यावर वाफेवरचे पोहे, वर सेव, जिरावन मसाला, बडीशेपेचा दाणा दाताखाली येणारा, आणि जिलबी. काकांनी दोन प्लेटी खाल्ल्या, मी तीन.

घरी आलो तेव्हा आत्या दारातच होती. मला वाटलं, माझी विचारपूस करील. तिनं काकांचे हात धरले, मनगटं दाबून बघितली आणि आत नेलं. तेलाची वाटी आधीच कोमट करून ठेवली होती. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. साडेआठच्या वेगाला स्कूटर स्वतःहून तोल धरत नाही. चार तास ती हातांनी सांभाळावी लागते आणि पाय खाली सोडून जमिनीला घासत न्यावी लागते. मी पुढे पळत होते, मागे वळून बघितलं ते आकडा ओरडण्यापुरतंच.

दाराशी काकांच्या चपला होत्या. मी त्या उलट्या करून पाहिल्या. दोन्हींचे पुढचे तळ घासून पातळ झाले होते, उजव्याचा तर अंगठ्याखाली आरपार.

"चपला आणते आज संध्याकाळी," मी म्हणाले.

"आठ नंबर," आत्या आतून म्हणाली. "आणि हे मुंबईला यायचं म्हणतायत. पेडर रोडवर स्कूटर नेऊ देत नाहीत, असं सांगून टाक त्यांना. माझं ऐकत नाहीत."

किराण्याची यादी मी मागून घेतली. मागच्या बाजूला आकडे, दुकानातल्या वहीसारखे एकाखाली एक. पहिल्या दोनांभोवती पेन्सिलीनं गोल. पुढच्या बाजूला साबुदाणा अर्धा किलो, खोबरेल, काडेपेटी.