आई काय आभाळातून पडली?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं, सगळ्यांवर थोडं थोडं लिहायचं. पी.टी.च्या सरांची शिट्टी, चिंचेखालची भांडणं, शिपाईमामांची घंटा. दोन ओळी झाल्या आणि बाई आल्या. आपल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई पुष्कळ, पण नुसतं 'बाई' म्हटलं की भूगोलाच्या, हे आमच्या बॅचला सांगायला नको. बाकीच्यांनी राग मानू नये.

1981 चा फेब्रुवारी. बाईंना शिरगणतीची ड्युटी लागली होती. सकाळी शाळा, दुपारी मंगळवार पेठेतल्या गल्ल्या. काखेत कागदांची जाडजूड पिशवी, पदर खोचलेला, बोटं शाईने निळी. माणूस कुठून आला एवढ्यावर न थांबता, का आला हेही शिरगणतीत त्याच वर्षी पहिल्यांदा विचारलं जात होतं. बाईंना त्याचं इतकं अप्रूप की आम्हा आठवीवाल्यांना तोच गृहपाठ मिळाला: गल्लीतली दहा घरं, कोण कुठून आलं, कशासाठी आलं.

मी त्याच संध्याकाळी उरकला. तालमीशेजारचा राजस्थानी मिठाईवाला, शाहू मिलमध्ये लागलेले शिरोळचे काका, कोकणातल्या पोस्टातल्या काकू. दहावं घर आमचं. तिथे ऐटीत लिहिलं, 'मूळचे कोल्हापूरचे. बाहेरचं कुणी नाही.'

वही परत आली ती त्या ओळीखाली लाल शाईत एकच शब्द घेऊन. 'आई?'

बाईंनी उभं केलं. "आईचं माहेर कुठलं गं?"

"निपाणी."

"मग ती काय आभाळातून पडली?"

वर्ग खो खो हसला. तोंड पाडून घरी गेले आणि आईलाच विचारलं, "तू बाहेरची का गं?" ती भाकरी थापत होती. "बाहेरची म्हणं! यष्टीत बसलं की तासा-दीड तासात हितं. तुझी आजी मात्र अजून मला निपाणीची म्हणूनच हाक मारतीय." बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली. ती माझ्या ताटात आली.

पुढे कळलं की आईचा मामला आणखी गमतीचा. जन्म 1948 चा, मुंबई प्रांतातला. 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. म्हणजे घर न सोडता तिचं राज्य बदललं, आणि लग्न करून चाळीसेक किलोमीटर आली तर परराज्यातली ठरली. बहुतेक माणसं जवळच्या जवळच हलतात आणि त्यात बायका जास्त, हे रेव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने इंग्लंडच्या शिरगणतीवरून 1885 लाच लिहून ठेवलंय. एम.ए.ला ते वाचलं तेव्हा मला करपलेल्या भाकरीचा वास आला.

त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते, 71 आणि 60. 1894 साली आपल्या संस्थानात सामान्य प्रशासनातल्या जागा 71, त्यातल्या 60 एकाच जातीकडे. 'हे मोजलं म्हणून शाहू महाराजांना 26 जुलै 1902 चा हुकूम काढता आला,' असं त्या म्हणाल्या. निम्म्या जागा मागासलेल्यांना देणारा हुकूम. समाजशास्त्र म्हणजे काय ते मला तिथेच कळलं होतं, पदव्या नंतरच्या.

1995 ला लग्न होऊन न्यू जर्सीला गेले. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेला माझा एच-4. शिकायची मुभा, कमवायची नाही. शेजारच्या तिघी मराठी इंजिनियर दिवसभर घरी. त्यांच्यातल्या काही जणींना कामाची परवानगी मिळायला 2015 उजाडलं. माझा पहिला अभ्यास त्यांच्यावरच. प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'आई?' लिहावं असं फार मनात होतं, मार्गदर्शकांना समजावण्याचा कंटाळा केला.

आता पुण्यात असते आणि सुगी सुरू झाली की ऊसतोडीच्या टोळ्यांमागे फिरते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात, अंगठा त्याचा. मोळ्या बांधून डोक्यावरून फळीने ट्रकवर चढवणारी मात्र वहीत नावापुरतीही नाही. शिवाय बीडची टोळी शिरोळला उतरली तर ती राज्य ओलांडत नाही, म्हणून 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा तिला लागतच नव्हता. तीच कोगनोळी नाक्यापलीकडे, निपाणीकडे गेली असती तर लागला असता. निदान कागदावर. आणि 2011 च्या शिरगणतीत देशातले स्थलांतरित 45 कोटींहून जास्त, त्यातल्या दोन तृतीयांश बायका! तरी 'स्थलांतरित' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिशवी खांद्याला लावलेला पुरुषच येतो.

शाळेची कौलारू इमारत गेली याचं मला वाईट वाटलं. नव्या वर्गांत म्हणे नकाशे भिंतीवर नाहीत, पडद्यावर आहेत. असोत. बाई गेल्या तेव्हा मी परदेशात होते. 'आई?'वाली माझी ती वही सांगलीच्या एका भाड्याच्या घरात, पावसाळ्यात भिजून गेली.

जाता जाता स्मरणिका समितीला. तुमच्या माहितीच्या फॉर्मवर 'वडिलांचे/पतीचे नाव' एवढाच रकाना आहे. मी समासात आईचं नाव लिहिलंय, पुढे 'माहेर निपाणी'. लाल शाईतच लिहिलंय. छापताना गाळू नका.